पेनड्राइव्ह फिरवण्याआधी संगणकांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले. हजार रुपयांवरच्या चादरीला १२ टक्के लागत होते. आता अडीच हजारांपर्यंत ५ टक्के लागतात. असा बदल झाला की बिलिंग प्रोग्रॅमची नवी फाइल पेढीतल्या प्रत्येक संगणकावर टाकावी लागते. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की नवी पेठ, बऱ्याच ठिकाणी हे काम अजून पेनड्राइव्हनेच चालते. एखादे काउंटर राहून जाते आणि गिऱ्हाइकाच्या हातात जुन्या दराचे बिल पडते.

विंडोजमध्ये यासाठी डब्ल्यूएमआय ही सोय आहे, वेगळे पैसे लागत नाहीत. एका जागी बसून नेटवर्कवरच्या प्रत्येक संगणकाला विचारता येते की ही फाइल तुझ्याकडे कोणती आहे. पॉवरशेल या विंडोजच्या कमांड लिहायच्या खिडकीत गेट-सिमइन्स्टन्स ही कमांड घ्या आणि सीआयएम-डेटाफाइल या क्लासमध्ये, म्हणजे फाइलींच्या माहितीच्या कप्प्यात विचारा. आवृत्ती, आकार, शेवटच्या बदलाची वेळ परत येते. मात्र ड्राइव्हसकट फाइलचा पूर्ण पत्ता द्या, पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरपी रेघ दोनदा लिहा. नुसते नाव दिले तर सगळी डिस्क चाळली जाते आणि काउंटरचा संगणक रखडतो. विन३२-प्रॉडक्ट या क्लासला तर हातच लावू नये. सॉफ्टवेअरची यादी देता देता तो एमएसआयने (विंडोज इन्स्टॉलरने) बसवलेले प्रत्येक सॉफ्टवेअर तपासतो, कधी दुरुस्तही करायला घेतो.

आवृत्तीचा आकडा मजकूर म्हणून येतो, त्यामुळे ‘१०.०’ हा ‘९.५’पेक्षा लहान ठरतो. म्हणून लहान-मोठे न बघता ‘नव्या आवृत्तीशी जुळत नाही’ एवढेच तपासावे.

उत्तरांचे तीन गट करा: जुनी, नवी आणि उत्तरच नाही. खरा घोळ तिसऱ्यात होतो. बंद संगणक किंवा फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कवरच्या पहारेकरी प्रोग्रॅमने अडवलेली विचारणा यादीत दिसत नाही आणि लोक धरून चालतात की तिथे सगळे ठीक आहे. गेट-सिमइन्स्टन्स दुसऱ्या संगणकाशी पोर्ट ५९८५वरून, म्हणजे त्या क्रमांकाच्या नेटवर्क-दारातून बोलते; डब्ल्यूएमआयला विचारण्याची जुनी पद्धत १३५वरून सुरुवात करते. त्यासाठी अख्खी फायरवॉल बंद करणे घातक आहे. तेवढा नियम फक्त आपल्या ऑफिसच्या नेटवर्कपुरता उघडावा.

कॉपी फक्त ‘जुनी’ गटावर करा. प्रोग्रॅम चालू असताना त्याची फाइल बदलत नाही, म्हणून आधी विन३२-प्रोसेस या चालू प्रोग्रॅमच्या क्लासमध्ये तो चालू आहे का ते विचारा. रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची कमांड वापरत असाल तर पुन्हा प्रयत्नांची संख्या २ आणि थांबण्याची वेळ ५ सेकंद ठेवा. मुळात ती १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. एका अडकलेल्या फाइलपायी रात्र जाते. तिचा निकाल १ आला तर घाबरू नका, फाइल पोहोचली असा त्याचा अर्थ. ८ किंवा जास्त आला तर कॉपी फसली.

दुसऱ्या दिवशी शटर उघडताच, पहिले बिल निघण्याआधी, तोच प्रश्न सगळ्या संगणकांना पुन्हा विचारा. आदल्या रात्री बंद असलेले तेव्हा चालू झालेले असतात. दरांच्या फाइलीला आवृत्तीचा आकडा नसेल तर पॉवरशेलच्या गेट-फाइलहॅश कमांडने तिचा ठसा, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा सांकेतिक आकडा, मूळ फाइलीच्या ठशाशी ताडून पाहावा.

आपले नम्र,
नेटवर्क देखभालीचे काम करणारे वाचक,
सोलापूर