प्रार्थना होत नाही म्हणालास

राय, सासष्टी, गोवा
२० ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

रात्री दीडला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. उत्तर टाईप करायला घेतलं, तीनदा पुसलं, शेवटी कागदच पुढ्यात ओढला. तुझ्या धाकट्या भावाला जाऊन चार महिने झाले. रविवारी चर्चच्या फाटकापर्यंत येतोस आणि तिथूनच गाडी वळवतोस, घरात आईनं जपमाळ हातात घेतली की उठून अंगणात जातोस, असं लिहिलं आहेस. आणि शेवटी तो प्रश्न, ‘प्रार्थना म्हणजे आपणच आपल्याशी बोलत बसणं तर नाही ना?’ असं विचारल्याबद्दल माफी कसली मागतोस? मला नाही तर कुणाला विचारणार?

मातीच्या दिवशी कुणीतरी तुझ्या आईला म्हणालं, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. मी शेजारीच उभा होतो. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पावसात घसरलेल्या बाईकला देवाची इच्छा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मेलेल्या लाझरला थोड्याच वेळात जिवंत उठवणार होता, तरी त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. मी तेवढंच धरून आहे.

माझ्या आईच्या वेळचं तुला ठाऊक आहे, पण सगळं नाही. तीन वर्षांपूर्वी ती आजारी असताना मी दोन महिने सुट्टी टाकून वसईत होतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना, म्हणजे सलग नऊ बुधवार प्रार्थनेला जायचं व्रत, धरला होता. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला ठेवलेली असतात. मी बाईची आकृती घ्यायचो. गर्दीत रांग पुढे सरकेपर्यंत हाताच्या उबेनं मेण मऊ पडायचं आणि तिच्या पोटावर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटायचा. मला भीती वाटायची, असली डागाळलेली आकृती वाहिली तर चालेल का? इतक्या भोळेपणानं मी मागत होतो. सातव्या बुधवारनंतर दोन दिवसांनी आई गेली. खांद्याला तू होतास. उरलेले दोन बुधवार मी माहीमला गेलो नाही, आणि हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

गोव्यात परतल्यावर सहा-सात महिने माझं तुझ्यासारखंच झालं होतं. फरक एवढाच की मी चर्चमध्ये मिस्सेला जायचो, कारण न गेलो तर वाड्यावरचे, म्हणजे वस्तीतले, विचारतील. ओठ हलायचे. आत काहीही नव्हतं, रागसुद्धा नव्हता.

मग नोव्हेंबरात सायबीण आली. ही पद्धत तुला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मरियामातेची लहान मूर्ती वाड्यावरच्या एकेका घरी एक रात्र मुक्काम करते. दुसऱ्या संध्याकाळी सगळे मेणबत्त्या घेऊन तिला पुढच्या घरी पोचवतात आणि तिथं तेर्स म्हणतात, म्हणजे आपली रोझरी, जपमाळेची प्रार्थना. आमचं घर आलं. हिनं टेबलावर पांढरं कापड घातलं, झेंडूची फुलं ठेवली, उकडलेले चणे केले. तीस-पस्तीस माणसं, निम्मी व्हरांड्यात. शेजारच्या आजींनी सुरुवात केली, ‘नमान मोरिये...’

कोंकणी आता मला बाजारापुरती येते, पण प्रार्थना म्हणायची तर आपल्या मराठीचीच सवय. म्हणून मी गप्प बसून ऐकत राहिलो. निम्मी प्रार्थना आजी म्हणत, उरलेली बाकीचे उचलून धरत. आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, ‘आतां आनी आमच्या मरणाच्या वेळार’. एका रोझरीत ते शब्द त्रेपन्न वेळा येतात. पहिले दहा-पंधरा वेळा मी नुसते ऐकले. कधी म्हणायला लागलो कळलं नाही, पण चौथ्या दशकात, म्हणजे दहा मण्यांच्या चौथ्या गटात, मी त्यांच्याबरोबर म्हणत होतो, परक्या उच्चारात, अडखळत. आईच्या मरणाच्या वेळी मी कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो, हे मनात कधीपासून रुतून बसलं होतं. त्या रात्री तीस माणसं, आईला कधी न पाहिलेली, मरणाच्या वेळेसाठी विनंती करत होती. मी रडलो. आजींनी माळ न थांबवता माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा मणी घेतला.

म्हणून तुला सांगतो, स्वतःचे शब्द संपले तर संपू दे. दुसऱ्यांचे घे. क्रुसावर येशूनंसुद्धा तेच केलं. ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस’ हे बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राचे पहिले शब्द आहेत, लहानपणापासून ऐकलेले, त्याच्या पूर्वजांचे. अटकेआधी गेथशेमाने बागेत तीनदा मागून दुःखाचा प्याला टळला नव्हता. शेवटच्या घटकेला त्याच्यापाशी जुनं स्तोत्र होतं, आणि त्यात उत्तर नव्हतं, प्रश्नच होता.

इथून जवळच, राशोलला, आपल्या मराठीचा एक मोठा ठेवा छापला गेला. इंग्लंडातून १५७९ साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट धर्मगुरूनं क्रिस्तपुराण, म्हणजे येशूची कथा ओव्यांत, लिहिलं, ते १६१६ मध्ये तिथं रोमन अक्षरांत छापलं. धर्म बदलल्यावर ज्यांची जुनी पुराणं सुटली होती त्यांना गाऊन म्हणायला काहीतरी हवं होतं. त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाती नाही. लोकांनी हातानं उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे ते वाचलं. तिथल्या सेमिनरीच्या, धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेच्या, बाजूनं गेलो की मला हे हमखास आठवतं. कोण कुठली माणसं दिव्याच्या उजेडात ओव्या उतरवत बसली असतील, आणि त्यांतल्या सगळ्यांचाच विश्वास त्या रात्री काही धडधाकट नसेल.

आता तुझा प्रश्न. आपणच आपल्याशी बोलतो का? कधीकधी हो. मी मागण्यांची यादी वाचत असतो तेव्हा बहुधा तेच चाललेलं असतं. पण मी निव्वळ स्वतःशी बोलत असतो तर सोयीचं तेवढंच बोललो असतो. वाडीच्या वाटणीवरून दादाशी माझं बोलणं बंद आहे, हे तू जाणतोस. रोज संध्याकाळी सातची घंटा झाली की मी ‘हे आमच्या स्वर्गीय बापा’ म्हणायला लागतो आणि अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीवर येऊन अडकतो. माझ्या मनानं ही ओळ कधीच रचली नसती. रोज ती मला अडवते. परवा तिथं अडकलो आणि तसाच उठून दादाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावीन.

शंका आली म्हणजे विश्वास गेला असंही समजू नकोस. मदर तेरेसांची पत्रं त्यांच्या पश्चात २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की कित्येक दशकं त्यांना आत अंधारच जाणवत होता. तरी पहाटे उठून त्या चॅपलमध्ये गुडघे टेकत होत्या. आणि येशूचा शिष्य, आपला थोमा! लोक त्याला अविश्वासू म्हणून नावं ठेवतात. मला मात्र त्या मधल्या आठ दिवसांचं वाटतं. इतरांनी मरणातून उठलेल्या प्रभूला पाहिलं होतं, यानं नाही. यानं सरळ सांगितलं, मी मानणार नाही. तरी आठ दिवसांनी तो त्यांच्यातच, त्याच खोलीत होता. त्यांनी त्याला हाकललं नाही आणि तोही निघून गेला नाही.

म्हणून तुझी आई जपमाळ घेऊन बसते तेव्हा अंगणात जाऊ नकोस, एवढीच माझी विनवणी. तोंड उघडू नकोस हवं तर. खुर्ची ओढून जवळ बस. तिलाही तो मुलगाच होता.

आमच्या घरी सायबीण यंदा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येईल. दिवस नक्की झाला की कळवतो. रेल्वेचं तिकीट मी काढतो, मडगावला घ्यायला येतो. येताना सुकेळी आण, आजींना फार आवडतात. तेर्स म्हणायची तुझ्यावर सक्ती नाही. व्हरांड्यात माझ्या शेजारी बसशील. धाकट्याचं नाव मी आजींना सांगून ठेवलं आहे, पंधरा दिवस झाले, त्या ते रोज प्रार्थनेत घेतात.

तुझा,
गोव्यातला मित्र