इंजिनच्या आवाजाबद्दल, आणि माझ्या कानांबद्दलही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या कॉल सेंटरमधून सातवा फोन आला. 'सर, आवाज येत असेल तेव्हाच गाडी वर्कशॉपला आणा.' आवाज पाच सेकंद टिकतो. पाच सेकंदांत कोथरूडमधून वर्कशॉप गाठायचं, तेही कर्वे रोडने! त्यानंतर दहा मिनिटांत 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या बंद करण्यात आली आहे' असा मेसेज. समाधान कोणाचं झालं, तेवढं लिहायचं राहिलं.

पुन्हा सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्ट करताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी खडखड होते आणि थांबते. इंजिन गरम असेल तर काही नाही. गाडी जागेवर, न्यूट्रलमध्ये असतानाच वाजते, म्हणजे चाकं, ब्रेक, सस्पेन्शन यांचा प्रश्न नाही. इंजिनच्या बाहेरच्या पट्ट्यावर (बेल्टवर) पाणी शिंपडून पाहिलं, फरक नाही. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे भाग, असते तर इंजिनच्या वरून, हेडकडून बारीक टिकटिक आली असती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक जपून इंजिनला टेकवून मूठ कानाशी धरली, तर खडखड सर्वांत मोठी टायमिंग चेनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या साखळीच्या, कव्हरपाशी. ऑइलचं प्रेशर चढेपर्यंत टेन्शनर चेन ताणत नसावा, असा माझा संशय आहे. इंजिन तुम्ही बनवलंय, तुम्हाला हे मी का शिकवावं? मी टेन्शनर बदला म्हणत नाही, कव्हर उघडून बघा म्हणतो.

आता तिसऱ्या खेपेची हकीकत. तुमच्या ॲडव्हायझरने गाडी दुपारी बारा वाजता, एसी आणि एफएम दोन्ही चालू ठेवून फिरवून आणली.

"काका, आवाज तर काहीच नाही."

"गाडी गरम आहे. रात्रभर ठेवून घ्या, सकाळी ऐका."

"मुक्कामी ठेवायची पॉलिसी नाही."

मी मोबाईलवरचं रेकॉर्डिंग लावलं. तो म्हणाला, "माइकमध्ये असं येतं." मग खुर्ची पुढे ओढून, दुखवट्याला आल्यासारखा आवाज काढून, "राग मानू नका, पण वय किती तुमचं? माझ्या आजोबांच्याही कानात असंच वाजतं. एकदा ईएनटीला दाखवून घ्या." मागे वॉशिंगच्या पावतीसाठी थांबलेले दोघे हसले. तो स्वतःही हसला.

मी 61 वर्षांचा आहे. त्यातली 29 वर्षं भोसरीत मशीन शॉपमध्ये गेली. बेअरिंग जाणार हे आम्ही मशीन बंद पडायच्या आधी कानाने सांगायचो. आणि माझेच कान वाजत असतील, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनी रोज सकाळी सातला माझ्या गाडीकडे बघून खिडकी का लावून घेतात? त्यांनाही ईएनटीकडे पाठवू का?

जॉब कार्डवर शेरा: 'आवाज आढळला नाही.' खाली बिल: इंजेक्टर क्लीनिंग, 1,850 रुपये. रोग नाही, पण औषध दिलं. तेही मला न विचारता.

वॉरंटी दिवाळीला संपते. हा वेळकाढूपणा त्यासाठीच आहे असं मी म्हणत नाही. म्हणायची वेळ आणू नका. उद्या चेन दात सोडून सरकली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, तर तेव्हाही 'आवाज आढळला नाही'च लिहिणार का? आणि हे खंबाटकी घाटात झालं तर?

माझी पहिली गाडीही तुमचीच होती, 2009 ची. 14 वर्षं वापरली, एकदाही रस्त्यात उभी राहिली नाही. त्या भरवशावर मुलाचा विरोध मोडून ही घेतली. आता तो काही बोलत नाही, नुसता बघतो. त्यापेक्षा बोललेला परवडला असता.

येत्या मंगळवारी संध्याकाळी सहाला गाडी वर्कशॉपच्या दारात उभी करून किल्ली काउंटरवर ठेवणार आहे. पॉलिसी तुमची तुम्ही बघा. बुधवारी सकाळी सातला माझ्यासमोर स्टार्ट करायची, ॲडव्हायझरने बॉनेटपाशी उभं राहून ऐकायचं आणि जे ऐकू येईल ते जॉब कार्डवर लिहायचं. क्लीनिंगचे 1,850 रुपये परत हवेत. नाही जमलं, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो. रेकॉर्डिंग, तिन्ही जॉब कार्डं आणि बिल जोडायला तयार आहे.

हवं तर कानांचा रिपोर्टही जोडतो. गेल्या आठवड्यात तपासून घेतले. चांगले आहेत.

आपला ग्राहक (अजून तरी),
कोथरूड, पुणे