आईचं नाव यादीत परत आलं, मॅडम

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तासिका तत्त्वावर होतात. वर्ष संपलं आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही आपल्या कॉलेजात आला नाहीत. जुना नंबर लागत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणाच्या तरी हातून तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा आहे.

2024 च्या जुलैत तुम्ही आमच्या एस. वाय. बी. ए. च्या वर्गाचे गट पाडले आणि फळ्यावर लिहिलं, 'मतदान आणि सार्वजनिक धोरण'. तोपर्यंत प्रेझेंटेशन म्हणजे मोबाईलवरून उतरवून आणायचं आणि मान खाली घालून वाचायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मीही तसंच आणलं होतं. पहिलंच वाक्य होतं, 'भारत हा जगातील सर्वात मोठा लोकशाही देश आहे.' तुम्ही मला तिथंच थांबवलंत. रागावला नाहीत. म्हणालात, "हे बरोबर आहे. आता तुझ्या घरचं सांग. 13 मेला तुमच्याकडं कोणी कोणी मत दिलं?"

त्या दिवशी बीड लोकसभेचं मतदान होतं. आई नवी साडी नेसून शाळेत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. बाबांचं नाव यादीत होतं, तिचं नव्हतं. "नाव नाही म्हणले," एवढंच बोलून ती भाकरी टाकायला बसली. आम्हीही कुणी काही विचारलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात असं काही झालं की ते नशिबाच्या खात्यात जातं. वर्गात मी हे खालच्या आवाजात सांगितलं, कारण माझे आईबाप कोयता घेऊन जातात हे तोवर मी कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्ही खडू उचलला आणि लिहिलंत, 'आईचं नाव यादीत का नाही?' आमच्या गटाला तोच विषय.

मग तुम्ही आमच्या गटात मुकादमाची, म्हणजे ऊसतोडीची टोळी नेणाऱ्याची, मुलगी घातलीत. खरं सांगते, मला ते आवडलं नव्हतं. आमच्या घरात मुकादम म्हणजे उचल, मजुरीवर आगाऊ घेतलेले पैसे, आणि उचल म्हणजे फिटता फिटत नाही ती. पण तुमची अटच होती की प्रत्येकानं दुसऱ्याच्या घरी जाऊन विचारून यायचं. मी तिच्या वडिलांसमोर वही घेऊन बसले. कारखान्याच्या वाहतूकदाराकडून त्यांनी घेतलेले पैसे, त्यातून टोळीला दिलेली उचल, मधेच पळून गेलेले कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, आणि ते बुडीत पैसे फेडण्यासाठी विकलेलं रान, हे सगळं त्यांनी सांगितलं. ती आमच्या घरी आली आणि आईनं तिला खाडा म्हणजे काय ते समजावलं. एक दिवस फडात गेलं नाही की त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर खाड्याचे पैसे कापले जातात. ती मुलगी वर्गात हे सांगत होती तेव्हा तिचा आवाज कापत होता. त्या दिवसापासून आम्ही डबा एकत्र खातो.

'हे कुठं लिहिलंय?' हा तुमचा प्रश्न आम्हाला झोपेतही ऐकू यायचा. त्याच्याचमुळं मी आयुष्यात पहिल्यांदा कायदा उघडून वाचला. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 20 मध्ये सरळ लिहिलंय की राहत्या जागेवरून तात्पुरता बाहेर गेलेला माणूस तेवढ्यानं तिथला रहिवासी नाही असं होत नाही. म्हणजे सहा महिने फडावर राहिल्यानं आईचं गावातलं नाव जात नाही. मग गेलं कसं? यादीची दरवर्षीची दुरुस्ती बहुतेक दिवाळीच्या पुढंमागं चालते. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या वस्तीवर कुलपं असतात. दाराला कुलूप दिसलं की 'स्थलांतरित' असा शेरा पडायला वेळ लागत नाही. यात कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मला आजही वाटत नाही. यादीचं वेळापत्रक ठरवताना उसाचं वेळापत्रक कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. धोरण कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

गाडीचं प्रकरण तर आम्ही घाबरतच मांडलं. 18 डिसेंबर 2022 ला आमच्याकडं ग्रामपंचायतीचं मतदान होतं आणि ऐन हंगामात फडावर जीपगाड्या आल्या होत्या, मतदारांना न्यायला. आम्हाला तो मान वाटायचा. तुम्ही 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 123 काढून दिलंत. लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं मतदारांची गाडीनं ने-आण करणं हा भ्रष्ट आचार आहे. वर्ग गप्प झाला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मग यायचं कसं?" त्याला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, आम्हालाच शोधायला लावलंत. मतदानादिवशी भरपगारी सुटी द्यावी असं कलम 135 ब सांगतं, पण टनावर मजुरी घेणाऱ्याला पगारी सुटी देणार कोण, मुकादम की कारखाना? टपाली मत सैनिकांना आहे, 85 वर्षांपुढच्यांना आहे, ऊसतोड्याला नाही. डिसेंबर 2022 च्या शेवटी निवडणूक आयोगानं दूरस्थ मतदानाचं यंत्र मांडलं होतं, एकाच केंद्रावरून 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल असं. पक्षांचं एकमत झालं नाही आणि ते तिथंच राहिलं. पक्षांच्या शंका तुम्ही आम्हाला तितक्याच नीट मांडायला लावल्यात. एका बाजूचं बोलून टाळ्या घेणं तुमच्या वर्गात जमायचं नाही.

दुसऱ्या गटांचंही आठवतं. खोक्याचं मतदान यंत्र करणारी मुलं, आणि मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी सात सेकंद दिसते म्हणून वर्गानं मोठ्यानं मोजलेले ते सात आकडे. पण माझ्या मनात घर करून राहिला तो रोजगार हमीचा गट. त्यांनी कॉलेजच्या ऑफिसातल्या काकांची पगाराची स्लिप आणली होती. व्यवसाय कर, 200 रुपये. हा कर राज्यानं 1975 मध्ये लावला तो रोजगार हमीला पैसा उभा करायला. नोकरदाराच्या पगारातून कापायचं आणि दुष्काळात मागेल त्याला काम द्यायचं. 1977 मध्ये त्याचा कायदा झाला, आणि देशाचा कायदा व्हायला 2005 उजाडलं. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला होती. त्या कामावर खायला मिळायच्या सुकडीची चव ती अजून सांगते. तिच्या हातातला हातोडा आणि काकांच्या स्लिपवरचे 200 रुपये हे एकाच गोष्टीचे धागे आहेत, हे त्या गटानं सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. मी घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी ते साहेबलोक आमच्यासाठी पैसे द्यायले होते? आम्हाला कुणी सांगितलं नाही बाई."

प्रेझेंटेशन झाल्यावर गुण देऊन तुम्ही मोकळ्या झाला असतात तरी चाललं असतं. तुम्हाला तासाचे पैसे मिळायचे, आणि ते तास कधीच संपले होते. तरी एका शनिवारी तुम्ही थांबलात आणि यादीत नाव घालायचा सहा नंबरचा अर्ज माझ्याकडून भरून घेतलात. पेन स्वतःच्या हातात घेतलं नाहीत. "पुढच्या वेळी मी नसेन," म्हणालात. तेव्हा ते शब्द मला नुसते शिकवण्यातले वाटले होते.

यादीत आईचं नाव परत आलं. दिवाळी झाली आणि दोघं सांगलीकडं गेले. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, गाळप जेमतेम सुरू झालेलं. दोघांनी येणं परवडत नव्हतं. आईनं हिशोब केला. एसटीत तिला अर्धं तिकीट, बाबांना पूर्ण. म्हणून ती एकटी आली. कुणाच्या जीपमध्ये बसली नाही. बाबांनी शेजारच्या जोडीबरोबर तोडायचं ठरवलं. मुकादमानं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी, तिचा खाडा धरला नाही. ते आपल्या मुलीचं ऐकून की स्वतःहून, ते मी विचारलं नाही.

ती पहाटे उतरली, आंघोळ करून थेट शाळेत गेली. मी बाहेर उभी होते. आत किती वेळ लागला कोण जाणे, मला फार वाटला. बाहेर आली ती डाव्या हाताचं बोट पुढं धरूनच. रात्रीच्या गाडीनं परत गेली. चार दिवसांनी फोन आला तेव्हा म्हणाली की पाचटानं हात सोलून निघाले, पण शाई हाय तशी हाय.

यंदा वस्तीवरची आणखी काही नावं गेलेली निघाली. मी आणि मुकादमाची मुलगी मिळून अर्ज भरून घेतो. पेन ज्याच्या त्याच्या हातात.

मॅडम, तुमचे फार फार आभार. त्या दिवशी तुम्ही मला मध्येच थांबवलं नसतं, तर मी ते वाक्य वाचून खाली बसले असते.

आईचा निरोप आहे. संक्रांतीला आम्ही गावात नसतो. पाडव्यानंतर असू, तेव्हा जेवायला या.

तुमची विद्यार्थिनी