मिस्सामधलं गाणं कोणाचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळनंतर आपल्या जिल्हा पानावर आमच्या मध्यरात्रीच्या मिस्साची, म्हणजे कॅथलिक चर्चमधल्या मुख्य उपासनेची, बातमी आली. फोटो सुरेख होता, मजकूरही आपुलकीने लिहिलेला होता, त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यात ‘भाविकांनी सुमधुर गीतांचा आस्वाद घेतला’ आणि ‘गायकवृंदाने कार्यक्रमात रंगत आणली’ अशी दोन वाक्यं होती. त्या दोन वाक्यांसाठी हे पत्र.

मी मिरजेत राहतो आणि रविवारच्या मराठी मिस्साला पेटी वाजवतो. मिरजेत ख्रिस्ती म्हटलं की लोकांना वानलेस हॉस्पिटल आठवतं. ते साहजिकच आहे, पण ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचं. आम्ही कॅथलिक इथे संख्येने थोडे, आमचा धर्मप्रांत (बिशपांच्या देखरेखीखालचा विभाग) पुण्याचा. त्यामुळे आमच्या चर्चमध्ये नेमकं काय चालतं याची कल्पना शेजारच्यांनाही नसते, यात बातमीदाराचा दोष नाही.

त्या रात्री ज्या गाण्याला ‘रंगत’ म्हटलं गेलं ते बहुधा ‘ग्लोरिया’ असावं, कारण घंटा त्याच वेळी वाजत होत्या. नाताळाआधीच्या आगमनकाळातल्या चारही रविवारी हे स्तवन म्हणत नाहीत. येशूच्या जन्माच्या रात्री देवदूतांनी मेंढपाळांसमोर जे गाइलं असं लूकच्या शुभवर्तमानात लिहिलं आहे, त्याच शब्दांनी ते सुरू होतं. म्हणजे चार रविवार अडवून धरलेलं स्तवन त्या रात्री मोकळं होतं. ते गाणारी आमच्यातली म्हातारी बाई कशाचाही आस्वाद घेत नसते. ती प्रार्थना करत असते आणि ती प्रार्थना गाण्यातच आहे. गाणं काढून घेतलं तर मागे नुसते कोरडे शब्द उरतात.

कॅथलिक मिस्सा ही प्रार्थनासभा नाही. ख्रिस्ताने क्रूसावर केलेलं अर्पण तिथे वेदीवर पुन्हा आपल्यासमोर येतं, भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, अशी आमची श्रद्धा आहे. हे अर्पण ख्रिस्त पित्याला करतो आणि आपल्यासोबत आम्हालाही घेऊन जातो. उपासना ती हीच. फादर सुंदर बोलले, गाणी छान झाली, मन हलकं झालं, या गोष्टी चांगल्या आहेत, पण मिस्सा त्यांच्यासाठी नसते. तिचं तोंड आमच्याकडे नसून देवाकडे असतं. म्हणूनच दयेची याचना, ग्लोरिया, श्रद्धांगीकार (आपली श्रद्धा एकत्र म्हणून दाखवणं), ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ आणि ‘देवाच्या कोकरा’ या पाच ठिकाणचे शब्द ठरलेले आहेत. जगभर तेच म्हणतात. चाल बदलते, शब्द कोणाच्या मर्जीवर बदलत नाहीत.

आता जे लिहितो ते आपल्या वृत्तपत्रापेक्षा आमच्याच लोकांसाठी आहे. पण ते उघड्यावर बोललं जावं असं वाटतं, म्हणून इथेच लिहितो.

बातमीदाराला मिस्सा कार्यक्रम वाटली, कारण ती तशी दिसत होती. एका बाजूला कीबोर्ड, त्यात आधीच भरलेला ताल. दोन मोठे स्पीकर. चार माइक, चौघं गायक, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बाकांवरचे लोक तोंड मिटून उभे. ख्रिस्तप्रसादानंतरचं, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर लोकांना दिल्यानंतरचं, गीत संपलं आणि टाळ्या पडल्या. पोप बेनेडिक्ट सोळावे पोप होण्याआधी लिहून गेले आहेत, की माणसाच्या कर्तबगारीसाठी उपासनेत टाळ्या वाजू लागल्या की समजावं, उपासनेचा गाभा हरवला. माणसं टाळ्या कोणासाठी वाजवतात? जो आपल्यासाठी काही करून दाखवतो त्याच्यासाठी. म्हणजे गाणाऱ्या चौघांनी बाकीच्यांसाठी काहीतरी केलं असा अर्थ झाला, आणि बाकीचे श्रोते झाले.

आमची तरुण मुलं मेहनत घेतात. कॉलेज, क्लास सांभाळून सरावाला येतात. त्यांच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तक्रार आहे ती आम्ही मोठ्यांनी त्यांना लावलेल्या वळणाबद्दल. मिस्सामध्ये गाणं म्हणजे चार गीतं, असं आम्ही त्यांना शिकवलं: प्रवेशाचं, अर्पणाचं, ख्रिस्तप्रसादाचं आणि शेवटचं. ती चार निवडली, सूर पट्टीत बसवले की झाली तयारी.

चर्चची शिकवण याच्या उलट आहे आणि ती कुठे लपवून ठेवलेली नाही. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ५ मार्च १९६७ रोजी रोमने उपासनेतल्या संगीताविषयी सविस्तर सूचना काढली. काय आधी गावं आणि काय नंतर, याच्या पायऱ्या तिच्यात दिल्या आहेत. पहिल्या पायरीवर एकही गीत नाही. तिथे आहे फादर आणि लोक यांच्यातला संवाद: सुरुवातीचं अभिवादन आणि त्याला लोकांचं उत्तर, शुभवर्तमान वाचतानाचे लोकांचे घोष, अर्पणानंतरच्या महाप्रार्थनेच्या दाराशी होणारी देवघेव, ‘पवित्र, पवित्र’, प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीवर दयेची याचना, ग्लोरिया, श्रद्धांगीकार, कोकराचं स्तवन. प्रवेशाचं गीत आणि ख्रिस्तप्रसादाचं गीत येतं ते तिसऱ्या पायरीवर. पहिली पायरी सोडून दुसरी किंवा तिसरी घेऊ नये, असंही त्यात सांगितलं आहे. आम्ही तिसरी पायरी सजवून बसलो आणि पहिली घाईघाईने बोलून टाकतो.

गेल्या पास्काला (ईस्टरला) एक वयस्कर पाहुणे फादर आले होते. आवाज थरथरता, उच्चार मात्र स्वच्छ. महाप्रार्थनेआधी ते नुसते बोलले नाहीत. तीनच स्वरांत, पेटीशिवाय, त्यांनी लोकांना अंतःकरणं वर उचलायला सांगितलं. क्षणभर कोणालाच काय करावं कळेना. मग मागच्या बाकांवरून, जिथे माइक पोहोचत नाही तिथून, काही वयस्कर आवाजांनी त्याच तीन स्वरांत उत्तर दिलं. दुसऱ्या ओळीला अर्धं चर्च होतं. तिसऱ्या ओळीला लहान मुलंही होती, ज्यांनी ती चाल आयुष्यात ऐकलेली नव्हती. कोणी शिकवलं नव्हतं, कोणाच्या हातात कागद नव्हता. पुढे भाकर आणि चषक उंच धरून फादरांनी ‘ख्रिस्ताद्वारे, ख्रिस्तासह, ख्रिस्तामध्ये’ हे गाइलं तेव्हा लोकांचा ‘आमेन’ असा आला की माझ्या शेजारचा कीबोर्डवाला मुलगा हात मांडीवर ठेवून नुसता ऐकत राहिला आणि मग स्वतःही गाऊ लागला.

मी जुन्या लॅटिनकडे परत चला म्हणत नाही. आजी सांगायची, तिच्या तरुणपणी फादर वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा म्हणत, गाणारे वर माडीवर लॅटिनमध्ये गात, आणि खाली बायका आपापली जपमाळ ओढत बसत. तिची भक्ती खरीच होती, पण मिस्सा तिच्या डोक्यावरून जात होती. ते बदलावं म्हणूनच ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला. लोकांनी पूर्णपणे, समजून-उमजून आणि स्वतः भाग घेऊन उपासना करावी हे त्याचं मुख्य सांगणं. ग्रेगोरियन गायनाला (चर्चच्या जुन्या, एकसुरी लॅटिन गायनाला) पहिलं स्थान त्यातच दिलं आहे, आणि ज्या देशांची स्वतःची संगीत परंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा हेही त्यातच आहे. साठ वर्षांपूर्वी माडीवरच्या गायकांकडून गाणं लोकांच्या तोंडी दिलं गेलं. आता माइकवाल्या चौघांकडे ते परत गेलं, तर आजीच्या आणि आमच्या मिस्सात फरक फक्त भाषेचा उरेल.

अशी घसरण नवी नाही. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीताची पाठराखीण मानल्या जाणाऱ्या संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, चर्चमधल्या नाटकी संगीताला आळा घालणारं पत्र काढलं. इटलीत तेव्हा ऑपेराच्या धाटणीचं गाणं वेदीपर्यंत पोहोचलं होतं. त्यांनी पियानो आणि ढोल, झांजांसारखी वाद्यं चर्चमध्ये बंद केली. त्याच्याही कितीतरी आधी, चौथ्या शतकाच्या शेवटी, संत ऑगस्टीन यांनी लिहून ठेवलं की गाइलेल्या शब्दांपेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपण अधिक हलतो तेव्हा ते आपलं पाप आहे. तरी त्यांनी गाणं थांबवा असं म्हटलं नाही.

काही जण मला म्हणतात, पेटी-तबला हे कॅथलिक नाही, ऑर्गन हवा. त्यांना मी फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण करून देतो. हे येशूसंघाचे (जेजुइट) इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. ओवी ही म्हणायची, सुरात आळवायची गोष्ट. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी धर्मगुरूला मराठी सुरात ख्रिस्त सापडला, तर आम्हाला का सापडू नये? आमच्या शेजारी साताऱ्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शेवटची वर्षं काढली. ते आमच्या पंथाचे नव्हते, पण अभंगातून ख्रिस्ताला हाक कशी मारायची हे आम्ही त्यांच्याकडूनही शिकलो. १९६९ मध्ये भारतातल्या उपासनेसाठी रोमने मान्य केलेल्या बारा बाबींत आरतीसुद्धा आहे. तेव्हा कोणी याला उसनवारी म्हणू नये. आमची मायबोली मराठी आहे आणि माणूस देवाशी मायबोलीतच बोलतो.

मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या गल्लीपासून जवळच कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजता नाद खुलवताना, दिसतात. घोडीवर कानस हलक्या हाताने फिरवायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, पुन्हा तार छेडायची, कान लावायचा, धागा केसभर मागे घ्यायचा, असं तासन् तास चालतं. आवाज उघडतो तेव्हा एका तारेतून सगळे स्वर बोलू लागतात. मैफलीत तंबोऱ्याचं गाणं ऐकायला म्हणून कोणी जात नाही, पण तो नसेल तर गाणारा भरकटतो. चर्चमधल्या गायनवृंदाचं काम मला तेवढंच वाटतं. लोकांचा सूर धरून ठेवायचा, त्यांच्या वर चढायचं नाही. म्हणून पट्टी अशी घ्यायची की सत्तर वर्षांच्या बाईलाही वरचा स्वर लागेल. ताल असा, की शेवटच्या बाकावरचा मागे पडणार नाही. आणि आवाज एवढाच, की शेजारच्या माणसाचं गाणं आपल्याला ऐकू येईल.

लग्नांबद्दल एवढंच सांगतो. वधूवर सिनेमातलं आवडतं गाणं चर्चमध्ये मागतात आणि फादर नको म्हणाले की घरचे रुसतात. गाणं वाईट असतं असं नाही. ते नवरा-बायकोने एकमेकांना म्हणायचं असतं, ते हॉलवर खुशाल म्हणा. वेदीपुढे दोघं मिळून तिसऱ्याकडे, देवाकडे, पाहत असतात.

आता पास्काआधीचा उपवासकाळ येईल. त्या चाळीस दिवसांत ‘आलेलुया’ गायचं नाही, वाद्यं फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. पवित्र गुरुवारी ग्लोरियाला घंटा वाजतील आणि मग पास्काच्या रात्रीच्या ग्लोरियापर्यंत मुक्या राहतील. चर्चने हे ठरवून दिलं आहे, कारण शांतताही उपासनेचाच भाग आहे. आमच्या गायनवृंदाला माझी विनंती आहे की या काळात कीबोर्डचा ताल आणि ट्रॅक बंद ठेवावेत, माइक एकच ठेवावा, आणि दर रविवारी मिस्साआधी दहा मिनिटं सगळ्या लोकांना संवादाच्या त्या तीन स्वरांच्या चाली शिकवाव्यात. स्तोत्राचा पालुपदाचा चरण लोकांकडून आधी दोनदा म्हणवून घ्यावा. मी पेटी घेऊन हजर राहीन. माझ्या वहीत उतरवलेल्या मराठी चाली ज्या कोणा चर्चला हव्या असतील, सांगलीला असो की साताऱ्याला, त्यांना आनंदाने देईन.

आणि आपल्या बातमीदारांना आग्रहाचं निमंत्रण: पास्काच्या रात्री या, फोटो काढून झाले की कॅमेरा ठेवा आणि मागच्या बाकांवर बसा. लोक काय गातात ते तिथूनच नीट ऐकू येतं.

आपला,
एक पेटीवादक, मिरज (जि. सांगली)