मंत्रीसाहेब, माझ्या पोराचा कान रात्रभर वाजतोय

मा. आरोग्यमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवतो, 22 वर्षं झाली. तुम्हाला कामं भरपूर असतात हे माहितीय, तरी पाच मिनिटं द्या. परवा रविवारी रात्री आमच्या गल्लीतून परत मिरवणूक गेली म्हणून लिहायला बसलोय. परत म्हणतोय कारण मागच्या वर्षी अशाच एका मिरवणुकीनं माझ्या पोराचा कान घेतला. कोणाची मिरवणूक ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की विषय भलतीकडं जातो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांचीच वाजते.

यंदा सणाच्या आधी शांतता बैठक झाली, मी मुद्दाम हाफ डे टाकून गेलो. एक मोठे अधिकारी माईकवर म्हणाले, यंदा एकही बेस (डीजेचे मोठे स्पीकर) लागणार नाही, लिहून घ्या. मी खरंच लिहून घेतलं साहेब, पगाराच्या पाकिटावर. रविवारी रात्री साडेअकराला दोन ट्रॅक्टरवर बेसची भिंत, वर लेझर, आणि खिडकीची काच थरथरतीय. मोबाईलवर आवाज मोजला तर 108 डेसिबल दाखवलं. ॲप फुकटचं आहे, चार-पाच इकडंतिकडं असेल, पण नियमात रहिवासी भागाला रात्री 45 आहे ना? दहानंतर बंद आहे ना? नियम 2000 सालचा आहे, माझं पोरगं 2010 चं. त्याच्या जन्माआधीपासून कागदावर आहे आणि कागदावरच आहे. तक्रारीचा फोन लावला तर आधी माझंच नाव-पत्ता विचारला, आणि दहा मिनिटात खालून एक जण ओरडला, काय बे काका, झोप येईना का?

मागच्या वर्षी पोरगं त्या भिंतीपुढं तासभर नाचलं. आम्ही पण नाचलोय, पण हलगीवर, लेझीमवर. रात्री घरी येऊन त्यानं टीव्हीची वायर काढली, चार्जर काढला, फ्रिज बंद केला. मी विचारलं काय चाललंय, तर म्हणाला पप्पा काहीतरी वाजतंय, शिट्टीसारखं. शेवटी मेन स्विच पाडला, घर काळोखात, आणि तो म्हणतो, अजून वाजतंय. तेव्हा आम्हाला कळलं की ते कानात आहे.

आता माझी चूक पण लिहितो. मी म्हणालो अरे माझा पण वाजतो, सवय होते. आणि खरंच वाजतो! मला वाटायचं सगळ्यांचाच वाजत असेल. आईनं लसणाचं तेल सोडलं, कोणी मळ काढला, यात तीन आठवडे गेले. कानाचे डॉक्टर म्हणाले पहिल्या आठवड्यात आणला असता तर औषधं देऊन बघितली असती, आता याला टिनिटस म्हणतात, हा आवाज घालवणारी गोळी अजून निघालेली नाही. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी मोठ्या आवाजानं मेल्या की परत उगवत नाहीत. मग ऑडिओमेट्री केली, म्हणजे किती ऐकू येतं त्याची मशीनवर तपासणी, माझी पण करून घेतली. दोघांच्या ग्राफला 4 हजार हर्ट्झवर खड्डा, म्हणजे त्या उंच पट्टीचा आवाज कमी ऐकू येतो. मला तो पडायला 22 वर्षं लूमची खटखट लागली, त्याला एक संध्याकाळ. आमच्या कारखान्यात मी विचारत फिरलो, 14 जणांत 9 जणांचा कान वाजतो. सगळ्या सोलापूरच्या लूमवाल्यांचा हिशोब तुमच्या खात्यानं कधी घेतला असेल तर कळवा, आम्हाला पण बघायचाय.

गोळी नाही, पण उपाय आहे. डॉक्टर म्हणाले एकदम शांत खोलीत बसू नको, बारीक आवाज चालू ठेव, आणि समुपदेशनानं मेंदू हळूहळू त्या शिट्टीकडं लक्ष द्यायचं सोडतो. तर ते समुपदेशन करणारा माणूस शोधून द्या ओ साहेब. एका सरकारी दवाखान्यात मी 3 खाडे करून गेलो, एकदा मशीन बंद, एकदा मॅडम रजेवर, तिसऱ्यांदा म्हणाले ऐकू येतंय ना मग काय झालं. बहिरेपणा रोखायचा राष्ट्रीय कार्यक्रम 2006-07 पासून चालू आहे म्हणे.

शाळेत वेगळीच तऱ्हा. दहावीला आहे पोरगं. परीक्षेचा हॉल शांत झाला की याची शिट्टी मोठी होते, पेपर सोडून बसतं, सर म्हणतात लक्ष नाही, मोबाईल कमी करा. सवलत मागावी तर दिव्यांगांच्या 21 प्रकारात हे बसत नाही, दोन्ही कानांनी 60 डेसिबल कमी ऐकू यायला पाहिजे. म्हणजे अजून थोडं बहिरं करून आणू का?

याला आराम कुठं मिळतो सांगू? माझ्या कारखान्यात. डबा द्यायला येतं आणि लूमच्या आवाजात शिट्टी बुडते म्हणून तिथंच बसतं, चेहरा एकदम मोकळा. आणि मला त्याला हाकलून द्यावं लागतं, कारण तोच आवाज उरलेला कान पण खाणार. बाप म्हणून हे करून बघा एकदा.

2016 ला आपलं सोलापूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात आलं, पेढे वाटले. पाणी अजून चार-पाच दिवसाआड येतं, पण आवाज रोज येतो, आणि तुमच्या लोकांच्या सभेचे भोंगे त्यात कमी नसतात. मत मागायला येता तेव्हा आमचे कान चांगले लागतात.

मागायचं एवढंच. दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी कानाचं मशीन आणि समुपदेशक द्या. शाळेला एक कागद द्या की असल्या मुलाला पंखा चालू असलेल्या खोलीत बसवून पेपर घ्या. आणि लूमवाल्यांचे कान तपासा. डीजेचं मागत नाही, ते पाकिटावर लिहिलेलं आहेच.

रात्री आम्ही टेबल फॅन लावतो, त्याच्या घरघरीत पोरगं झोपतं. हे लिहिताना लाईट गेली, फॅन थांबला, आणि ते उठून बसलंय. थांबतो.

आपला,
एक लूम कामगार, सोलापूर