लेख बाकाखाली, वाद बाकावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवीच्या वर्गात निबंधलेखन शिकवताना सामाजिक, नैतिक प्रश्नांवरचे लेख चर्चेला घ्यायची पद्धत आता बरीच रुळली आहे. पद्धत चांगलीच आहे, पण चर्चा लेखाची न होता विषयाची होते. इच्छामरणावरचा लेख वाटला की पाचव्या मिनिटाला वर्गात दोन तट पडतात, मोठ्या आवाजाची चार मुलं तास खाऊन टाकतात आणि लेख बाकाखाली जातो. मग घरून जो निबंध येतो तो शाळेतल्या ‘विज्ञान : शाप की वरदान’चा थोरला भाऊ असतो. दोन बाजूंचे दोन परिच्छेद आणि शेवटी ‘समाजाने विचार करण्याची गरज आहे’.

हाच विषय घेऊ. मराठीत त्याला दोन शब्द आहेत, इच्छामरण आणि दयामरण. पहिल्यात इच्छा रुग्णाची, दुसऱ्यात दया दुसऱ्या कुणाची तरी. लेखकानं कुठल्या परिच्छेदात कुठला शब्द वापरला, तिथं मुलांना पेन्सिलीनं खूण करायला लावावी. मधेच शब्द बदलला असेल तर युक्तिवादही बहुधा तिथंच निसटलेला सापडतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग 1973 मधल्या हल्ल्यानंतर ज्या भान हरपलेल्या अवस्थेत होत्या, तिथं त्यांना इच्छा विचारणंच शक्य नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं 7 मार्च 2011 रोजी त्यांना मरण येऊ द्यावं ही याचिका फेटाळली, पण ठरावीक अटींवर उपचार थांबवायची वाट मोकळी केली. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा याचिकेला विरोध होता, म्हणजे दया दोन्ही बाजूंना होती. ‘इच्छा’ खऱ्या अर्थानं आली ती 9 मार्च 2018 च्या निकालानं. माणसानं शुद्धीत असताना लिहून ठेवलेली सूचना त्यात ग्राह्य ठरली. 2023 मध्ये ती प्रक्रिया सोपी झाली आणि दंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरेशी ठरली. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र आजही गुन्हाच आहे. एवढी माहिती तारखांसह फळ्यावर लिहायला पाच मिनिटं लागतात. ती वाचवली तर अर्धा वर्ग इंजेक्शनवर भांडतो आणि अर्धा व्हेंटिलेटरवर, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा निर्दय आहे.

लेख हजार-बाराशे शब्दांहून मोठा नको. झेरॉक्स काढण्याआधी परिच्छेदांना आकडे घालावेत. ‘घरून वाचून या’ म्हटल्यावर सगळे वाचून येतील या भ्रमात राहू नये. पहिली 12 मिनिटं वर्गातच वाचन. मग प्रत्येकानं चिठ्ठीवर एकच वाक्य लिहायचं : ‘लेखकाचं म्हणणं असं की…’. ते वाचून लेखकानं ‘हो, हेच’ म्हणायला हवं, एवढीच कसोटी. चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. त्यातल्या पाच-सहा मोठ्यानं वाचल्या की लक्षात येतं, एकाच झेरॉक्सवरून तीन निरनिराळे लेख वाचले गेलेत. चर्चा इथून सुरू व्हावी. बोलणाऱ्यानं आधी परिच्छेदाचा आकडा सांगायचा. आकडा नाही तर पाळी नाही. हा नियम पहिले दोन तास जाचतो, तिसऱ्या तासाला मुलंच एकमेकांना आकडा विचारू लागतात.

वादाचं वाक्य सापडलं की ते ‘आहे’चं की ‘असावं’चं, हे पाहावं. ‘आहे’ला पुरावा मागायचा, ‘असावं’ला कारण. फसवं असतं ते ‘असतं’. ‘आईवडिलांची जबाबदारी मुलांवर असते’ हे वाक्य वस्तुस्थितीचा अंगरखा घालून येतं, आत मात्र ‘असावी’ असतं. असं एक ‘असतं’ उलगडण्यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नये.

जात, धर्म, आंतरजातीय विवाह अशा लेखांना एक पथ्य. ‘तुमच्यात काय पद्धत असते?’ असं कुणा एकाकडे वळून विचारू नये. मूल चर्चेत भाग घ्यायच्या ऐवजी नमुना होऊन बसतं आणि पुढचे चार तास गैरहजर राहतं. असा लेख बिननावी चिठ्ठ्यांवरच चालवावा.

बडोद्यात तर घरचाच विषय आहे. सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. चांगल्या गोष्टीची सक्ती सरकारनं करावी का, आणि तो दंड कुणाला जड गेला असेल? काळ्या घोड्यापाशी, म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी, हात जोडणाऱ्या मुलांना हा प्रश्न आधी उद्धट वाटतो, म्हणूनच तो चांगला.

भाषेचंही इथं वेगळंच. घरी मराठी, शाळा गुजराती माध्यमाची, अशी मुलं वर्गात पुष्कळ. गटात गुजरातीत बोलली तर बोलू द्यावीत, लिहिताना मात्र शब्द तपासावा. ‘लेखकाला याचा वांधा आहे’ असं इथलं मूल लिहितं ते गुजरातीतल्या हरकतीच्या अर्थानं. पुण्याच्या वाचकाला वाटेल, लेखकाचेच वांधे झालेत.

राहिला गुणांचा प्रश्न. परीक्षेत ‘स्त्रीभ्रूणहत्या : एक सामाजिक समस्या’ असा विषय येणार असेल तर वर्गातला सगळा खटाटोप फुकट, कारण असा निबंध गाइडमध्ये तयार असतो आणि आता मोबाइलही मिनिटभरात लिहून देतो. त्यापेक्षा प्रश्नपत्रिकेवरच आकडे घातलेला चारशे शब्दांचा न वाचलेला लेख छापावा. 20 गुणांपैकी 6 लेखकाचं म्हणणं नेमकं मांडल्याबद्दल, 6 परिच्छेदांचा हवाला देऊन केलेल्या तपासणीला, 5 स्वतःच्या मताविरुद्धचा सगळ्यात बळकट मुद्दा मांडल्याबद्दल, 3 भाषेला. मत कुठलं, याला शून्य. अभ्यास मंडळांनी येत्या सत्रापुरतं, एकाच पेपरात, एवढं करून पाहावं. नमुन्यादाखल एक प्रश्नपत्रिका आम्ही तयार ठेवली आहे.

आपले,
पदवीच्या वर्गांना लेखन शिकवणारे काही अध्यापक, बडोदे