आप्पा, ती ३२ ची एमसीबी आधी काढा

आई, आप्पा,

काल व्हिडिओ कॉलवर आई नवी इलेक्ट्रिक गाडी दाखवत होती तेव्हा बाथरूमच्या खिडकीतून बाहेर आलेली एक्स्टेंशन बोर्डची वायर दिसली, अन् गिझरच्याच पॉइंटवर गाडी लागते हे कळल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर आप्पा "चालतंय ना" म्हणून विषय बदलतात म्हणून लिहूनच पाठवतोय.

आप्पा, चार्जर ३.३ किलोवॅटचा आहे, म्हणजे २३० व्होल्टला १४ अँपिअरच्या वर, अन् तेही तासन् तास सलग. गिझर २ किलोवॅटचा, त्याचे जवळपास ९. दोन्ही सोबत चालू झाले की २३. भिंतीतली वायर २.५ एमएमची, घर बांधलं तेव्हाची, तिला १६ अँपिअरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) होती अन् ती सकाळी पडायची ती बिघडली म्हणून नाही, तिचं कामच ते. अन् वायरमनने ३२ ची बसवून दिली! आता काहीच पडत नाही पण तेवढाच करंट त्याच वायरमधून जातोय, ती भिंतीच्या आत तापते अन् कुणाला दिसतही नाही.

वावरातली मोटार सारखी ट्रिप व्हायची म्हणून स्टार्टरचा रिले (जास्त लोड आला की मोटार बंद करणारा) वाढवून ठेवला होता, आठवतं? आठ दिवसात मोटार जळाली, रिवाइंडिंगला अमळनेरला नेली अन् ऐन वेळी कपाशीचं पाणी चुकलं. तेव्हा तुम्हीच म्हणाले होते की रिलेला हात लावायचा नाही. मग एमसीबीला का लावला?

आई, तू म्हणतेस मी लक्ष ठेवते, आधी अंघोळी मग गाडी. तू पहाटे पाचपासून राबतेस, त्यात हे अजून तुझ्या डोक्यावर नको. एक चेंजओव्हर स्विच बसवायचा, दांडी एकीकडे केली की गिझर, दुसरीकडे केली की गाडी, दोन्ही सोबत चालूच होत नाहीत, विसरलं तरी. एमसीबी मात्र परत १६ चीच. तोवर गाडी रात्री जेवणं झाल्यावरच लावा, रोजचं तीस-चाळीस किलोमीटर फिरणं दोन-तीन तासात भरून निघतं. एक्स्टेंशन बोर्ड तर आजच काढा, अन् तासाभराने प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल किंवा पिन काळी पडली असेल तर लगेच बंद.

हे पण उन्हाळ्यापर्यंतच. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की १६ ची एमसीबी एकट्या गाडीलाही पडू शकते, कारण तिचं माप ३० डिग्रीला धरलेलं असतं. तेव्हा पुन्हा मोठी बसवू नका. होळीला येतो, मीटरपासून गाडीची वेगळी लाइन टाकू, जाड वायर, स्वतःची एमसीबी, ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारी) अन् नवीन अर्थिंग. खर्च माझा, त्यावर वाद नको.

लाइट बिलावर मंजूर भार किती लिहिलाय त्याचा फोटो पाठवा, कमी असेल तर वाढवायचा अर्ज करावा लागेल. अन् आप्पा, एमसीबी बदलली की तिचा पण फोटो पाठवा, आकडा दिसेल असा.

तुमचा,
बाळू